पांढऱ्यात पिवळा

१

ते पत्र रक्तकाकांनी कधी हरवलं नाही आणि त्याला उत्तरही कधी दिलं नाही. वाचायला घेतलेल्या पुस्तकात ते खुणेसाठी असायचं. पुस्तक संपलं की पुढच्या पुस्तकात मुक्काम हलवायचं. काकांनी वाचलेलं सगळं त्या पत्रानंही वाचलं होतं, आणि बहुधा काकांपेक्षा त्याच्याच जास्त लक्षात राहिलं असेल, असं काकांना वाटायचं.

पत्र पेंटरचं होतं. काका रक्त तपासणारे डॉक्टर. गल्लीतल्या पोरांनी त्यांना रक्तकाका म्हणायला सुरुवात केली आणि मग थोरांच्याही तोंडी तेच बसलं. त्यांनी लॅब बंद केली तेव्हा दारावरची पाटी उतरवून न्यायला पेंटर स्वतः आले होते. रंगवलीही त्यांनीच होती. मग त्यांचं पत्र आलं, टपोऱ्या, एकसारख्या अक्षरांत: ‘तुमच्या पाटीचं लाकूड अजून खणखणीत आहे. घासून त्याचीच घराच्या दारासाठी नवी पाटी करून देतो. काय लिहू ते कळवा. शब्द कमी असू द्या, म्हणजे अक्षरं मोठी काढता येतील.’

काय लिहू? काकांनी कितीदा तरी कागद पुढे ओढला. नाव लिहावं तर ते कुणाला हवंय? पदवी लिहावी तर मिरवल्यासारखं. ‘निवृत्त’ लिहावं तर ते काय दारावर टांगायचं? कागद कोरा राहिला आणि दारही कोरं राहिलं.

त्या दुपारी बेल वाजली तेव्हा काका नेहमीप्रमाणे खुर्चीत गप्प बसून राहिले. बेल वाजली की ते श्वास रोखून बसत. माणूस आपोआप निघून जाई. पण बेल पुन्हा वाजली, आणि मग दाराच्या फटीतून आवाज आला, “काका, आहात तुम्ही आत. आत्ता पुस्तकाचं पान उलटलंत, ऐकलं मी.”

काकांनी ओशाळून दार उघडलं. दारात पेंटरची सून होती. तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती आणि डोळे रडून रडून सुजले होते.

“बाबा हॉस्पिटलात आहेत,” ती म्हणाली. “आणि मी त्यांना विष घातलं, असं घरात सगळ्यांचं म्हणणं आहे.”

२

तिला बसायला जागा करायची म्हणून काकांनी खुर्चीवरची पुस्तकं जमिनीवर ठेवली आणि मग स्वतःच त्यांना अडखळले.

“नीट सांग,” ते म्हणाले. “म्हणजे, सांगायचं असेल तर.”

तिनं सांगितलं. सुरुवात पांढऱ्या रंगाच्या डब्यापासून झाली होती. शिडीवरून पडून मांडीचं हाड मोडल्यापासून पेंटर खुर्चीतच असायचे, पण खिडकीशी बसून घरांच्या लहान पाट्या रंगवायचं त्यांनी सोडलं नव्हतं. एक दिवस ते ओरडले, “माझ्या पांढऱ्यात कुणी पिवळा मिसळला?” नवा डबा फोडला, तर तोही पिवळा. मग दूध पिवळं झालं, चादर पिवळी झाली, दिव्याभोवती पिवळी कडी दिसायला लागली. पेंटर म्हणायचे, खिडकीबाहेरची सगळी गल्ली कुणीतरी रात्रीतून रंगवून गेलंय आणि मला विचारलंसुद्धा नाही. जेवण तुटलं. दिवसभर गुंगी. गुंगीत ते तिच्या सासूबाईंशी, म्हणजे आपल्या बायकोशी बोलायचे, ज्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. शेवटी एका सकाळी ते उठेचनात.

“हॉस्पिटलात कळलं, बाबांच्या हृदयाच्या गोळीचं औषध रक्तात फार झालंय. पिवळं दिसणं, गुंगी, सगळं त्यामुळे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं दोनच कारणांनी होतं. एक तर किडनी ते औषध बाहेर टाकत नाही, नाहीतर कुणीतरी गोळ्या जास्त देतंय. किडनीचं रक्त तपासलं. अगदी व्यवस्थित. दरवर्षी असतो तोच आकडा.” तिनं पदरानं नाक पुसलं. “मग राहिलं कोण? गोळी रोज मीच देते.”

“नवरा काय म्हणतो?”

“हे मान वर करून बोलतच नाहीत. काही दिवस माहेरी जा म्हणाले, पायांच्या बोटांकडे बघून. ताई तर पोलिसांत जायचं म्हणतात.” ताई म्हणजे तिची नणंद, पेंटरची थोरली लेक. “बाबा आता शुद्धीवर आहेत. संध्याकाळी घरी आणणार. इतके दिवस बंद ठेवलेली गोळी आजपासून पहिल्यासारखी सुरू. फक्त आता ती ताई देणार.”

“पहिल्यासारखी? तेवढीच?”

“गोळी बरोबरच होती ना. देणारी वाईट होती.”

काका चष्मा पुसत राहिले. “हे बघ, मी आता कुणी नाही. त्या डॉक्टरीणबाई शिकलेल्या आहेत, हृदयाच्या आहेत. माझं शिक्षण जुनं. मी काहीतरी चुकीचं बोलायचो आणि तुझंच आणखी नुकसान व्हायचं.”

“काका, बाबांचं रक्त इतकी वर्षं तुम्ही पाहिलंत,” सून म्हणाली. “त्यांच्या रक्ताची दुसऱ्या कुणाला एवढी ओळख आहे, सांगा.”

काकांनी चपला घातल्या. उजव्या डाव्या झाल्या होत्या. सुनेनं त्या न बोलता बदलून दिल्या.

३

पेंटरची काम करायची खोली काकांना अगदी तशीच्या तशी आठवत होती: खिडकीशी बुटकं टेबल, बाटलीत उभे केलेले ब्रश, भिंतीशी रेललेल्या अर्ध्या पाट्या. दुपारचं ऊन काचेवरच्या जुन्या रंगाच्या शिंतोड्यांतून गाळून येत होतं, त्यामुळे आपण पाण्याखाली चालतोय असं वाटत होतं. कोपऱ्यात पेंटरचा भागीदार बसला होता. जन्मभर त्याच्या अंगाला टर्पेंटाइनचा वास येत आला होता आणि सगळे त्याला टर्पेंटाइनमामाच म्हणत.

“मी मिसळला नाही पिवळा!” काकांनी तोंड उघडायच्या आतच मामा म्हणाला. “बोलायचं असेल ते बोला. चाळीस वर्षांच्या भागीदारीत मी ह्यांना उधार सल्ले दिले असतील, पिवळा नाही दिला.”

“तसं नाही, पण... तेलाचा पांढरा अंधारात ठेवला तर पिवळट पडतो, असं कुठेसं वाचलंय.”

“पडतो की. पण महिने जावे लागतात. हा डबा माझ्यासमोर फोडला.” मामानं ब्रश बुडवून एका फळीवर सपकन ओढला. “बघा. दूध आहे, दूध.”

काकांनी बघितलं. पांढरा शुभ्र. म्हणजे पिवळा डब्यात नव्हता, पेंटरच्या डोळ्यांत होता. इथपर्यंत डॉक्टरीणबाईंचं बरोबर होतं. आपण उगाच आलो, असं त्यांना वाटायला लागलं.

खुर्चीच्या पाठीवर पेंटरचा कामाचा सदरा टाकला होता. त्याच्या दोन्ही बाह्या कोपरावर दुमडलेल्या होत्या आणि दुमडीला कपडे वाळत घालायचे चिमटे लावले होते.

“हे चिमटे कशाला?”

“बाह्या घसरतात म्हणून,” सून दारातूनच म्हणाली. आत यायचा तिला धीर होत नव्हता. “घसरून रंगात भिजायच्या. मीच लावून देते.”

वर भिंतीवर एक फोटो होता. तरुण पेंटर शिडीवर उभे, बाह्या दंडावर गुंडाळलेल्या. चिमटा नाही, काही नाही, गुंडाळी दंडातच रुतलेली. काका त्या फोटोकडे थोडा वेळ पाहत राहिले. का ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

तेवढ्यात आतून ताई आली. हातात बाबांचे धुतलेले कपडे, तोंडावर करारी भाव. सुनेला पाहून ती थबकली.

“हिला कुणी आत घेतलं?”

“ती दारातच आहे,” मामा म्हणाला. “आत तुझा राग मावत नाही, ती कुठे मावणार?”

“मामा, तुम्ही गप्प बसा. काका, तुम्ही मोठे आहात म्हणून ऐकून घेते. पण सरळ गोष्ट आहे. गोळ्या हिच्या ताब्यात होत्या.”

“हो, हो, ते आहेच,” काका घाईनं म्हणाले. “मी एवढंच विचारणार होतो... गोळ्या विकत कोण आणतं?”

“मी. दर महिन्याला माझ्या घराजवळच्या दुकानातून. हिच्यावर मी कधी सोडलं नाही.” ताईनं मान उंचावली. “महिन्याचं पाकीट महिनाभर. एकदाही आधी संपलं नाही, एकदाही उरलं नाही. असं चोख काम आहे माझं.”

काकांच्या तोंडून शब्द निघाले ते जवळजवळ माफी मागितल्यासारखे. “मग ताई, जास्तीच्या गोळ्या आल्या कुठून?”

ताईनं हातातल्या कपड्यांची घडी उगाच पुन्हा घातली.

“दुसऱ्या दुकानातून आणल्या असतील हिनं,” ती शेवटी म्हणाली, पण आवाजातला करारीपणा थोडा उतरला होता. “मला उशीर होतोय.” आणि कपडे छातीशी धरून ती हॉस्पिटलकडे निघून गेली.

मामानं ब्रश पुसला. “डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिल्याशिवाय ती गोळी कुठलाच दुकानदार देत नाही. म्हणजे बघा रक्तकाका, जास्तीची गोळी घरात आली नाही, आणि औषध रक्तात मात्र जास्त. ते काय भिंतीतून पाझरलं?”

४

हॉस्पिटलात पेंटर खिडकीजवळच्या खाटेवर होते. खोलीला फिकट पडदा होता आणि वाऱ्यानं तो फुगला की सगळी खोली श्वास घेतल्यासारखी हलायची. बाहेर बाकावर पेंटरचा मुलगा कागद मांडीवर घेऊन बसला होता. बायकोला पाहून त्यानं कागद उलटे धरले आणि तसेच वाचत राहिला.

“कोण, रक्तवाले?” पेंटर डोळे न उघडता म्हणाले. “पुस्तकाचा वास आला.” मग डोळे उघडून हसले. “तुम्हीपण थोडे पिवळे दिसताय अजून. पण कालच्यापेक्षा बरं आहे. काल सगळेच पिवळे होते.”

“आता बरं वाटतंय?”

“गाव छान होतं हो ते. सोन्यासारखं. दुकानं, रस्ते, माणसं. दारोदार पाट्या लावलेल्या. पण एकावरही अक्षर नाही. सगळ्या कोऱ्या.” त्यांनी काकांकडे पाहिलं. “तुमच्या दारासारख्या.”

काकांनी मान खाली घातली. खिशातल्या पुस्तकात ते पत्र होतं. ते मांडीला टोचल्यासारखं झालं.

“सून कुठाय?” पेंटरनी विचारलं. “कालपासून दिसली नाही. ताईच्या हातचं पाणीसुद्धा हुकमी लागतं. सून देते ते पाणी कसं, पाण्यासारखं असतं.”

“बाहेर आहे ती. येईल.”

“माझं रक्त बघितलं ना तुम्ही? एक. अजूनही एकच.” पेंटरच्या आवाजात अभिमान होता. किडनीची चाचणी ते ‘माझा आकडा’ म्हणूनच ओळखत. “शिडीवर होतो तेव्हा एक, खुर्चीत बसलो तेव्हा एक, इथे आडवा झालो तरी एक. माणूस बदलला, आकडा नाही बदलला.”

नर्स रक्तदाब पाहायला आली. तिनं पेंटरच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि जीभ चावली. “आजोबा, हा तुम्हाला दोनदा फिरतोय. थांबा, लहान मुलांचा आणते.”

पडदा फुगला, खोलीनं श्वास घेतला, आणि काका जागच्या जागी स्तब्ध झाले.

दोनदा फिरणारा पट्टा. चिमटे लावलेल्या बाह्या. फोटोतला दंड, ज्यात गुंडाळी रुतून बसली होती. माणूस बदलला, आकडा नाही बदलला. काकांना वाटलं, आपण कधीपासून चुकीच्या गोष्टीकडे बघतोय. सगळे विचारत होते, काय वाढलं? विचारायला हवं होतं, काय वाढायचं राहिलं, आणि काय कमी व्हायचं राहिलं?

त्यांना हे नीट जुळवायला थोडा वेळ हवा होता. एखादं पुस्तक उघडून खात्री करून घ्यावी, असंही मनात आलं. पण त्यांनी वर पाहिलं तर ताई खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर छोटीशी पांढरी गोळी.

“चला बाबा, घरी जायच्या आधीची पहिली,” ती म्हणाली. “तोंड उघडा.”

पेंटरनी शहाण्या मुलासारखं तोंड उघडलं.

५

“थांबा!”

रक्तकाका इतक्या मोठ्यानं ओरडले की आधी त्यांनाच भीती वाटली. पेल्यातलं पाणी ताईच्या पदरावर सांडलं. बाहेरचा मुलगा आत आला, सून आली, आणि मागोमाग डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, शांत, कानामागे पेन अडकवलेल्या.

“काय झालं?”

“मला वाटतं,” काका पुटपुटले, “म्हणजे माझं चुकतही असेल... ही गोळी देऊ नये. कुणीच.”

“पण का?” बाईंनी राग न करता विचारलं. “रक्तातलं औषध आता खाली आलंय. किडनी चांगली आहे.”

“किडनी आपण पाहिलीच नाही.” काका खाटेकडे एक पाऊल सरकले. “आपण केर पाहिला.”

“केर?” ताई म्हणाली. “काका, तुम्हाला बरं नाहीये का?”

पण बाईंनी खुर्ची ओढली. “बोला तुम्ही.”

“बघा, ज्या पदार्थावरून आपण किडनीचा अंदाज बांधतो, तो स्नायूंमधून येतो. क्रिएटिनिन. स्नायू रोज थोडा केर रक्तात टाकतात आणि किडनी तो झाडून बाहेर काढते. कोपऱ्यात केर किती साचलाय हे पाहून आपण झाडणारा कसं काम करतोय ते ठरवतो. वाढला की म्हणायचं, झाडणारा दमला. बरोबर?”

“बरोबर.”

“आता समजा, त्या घरातली निम्मी माणसं निघून गेली. केर करणारेच निम्मे झाले. तरी कोपऱ्यात केर पहिल्याएवढाच दिसतोय.” काकांनी पेंटरचा हात उचलला. ब्रशच्या दांडीसारखा तो हात. “हे गृहस्थ शिडीवर होते तेव्हा यांचे दंड तुमच्या मांडीएवढे... म्हणजे, क्षमा करा... पुष्कळ जाड होते. पडल्यापासून खुर्चीत. दंड गेले, मांड्या गेल्या. त्यांच्याबरोबर आकडाही खाली यायला हवा होता. तो आला नाही. म्हणजे झाडणारा...”

“...निम्मंच झाडतोय,” बाई सावकाश म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. “दंड आणि किडनी, दोन्ही एकत्रच उतरत गेले. म्हणून आकडा जागचा हलला नाही. आणि तो हलला नाही म्हणून आपण खूश.” त्यांनी पेंटरच्या दंडावरचा लहान मुलांचा पट्टा पाहिला. “संगणक वय विचारतो, बाई की पुरुष ते विचारतो, आणि किडनी किती काम करते ते छापून देतो. दंड केवढा, ते विचारत नाही. ते मी बघायला हवं होतं.”

“मलाही आत्ताच दिसलं,” काका घाईनं म्हणाले. “पट्टा दोनदा फिरला तेव्हा.”

“म्हणजे मला कळेल असं सांगाल का कुणी?” मुलानं विचारलं. बऱ्याच दिवसांनी तो मान वर करून बोलत होता.

“गोळी तुमच्या वडिलांच्या जुन्या अंगाच्या मापाची होती,” बाई म्हणाल्या. “रोज एकच दिली जात होती, बरोबर दिली जात होती. पण बाहेर पडत होती अर्धीमुर्धी. उरलेली आतच साठत गेली. जास्तीचं कुणीही काही दिलेलं नाही.” त्या सुनेकडे वळल्या. “तुम्ही तर नाहीच.”

ताईच्या तळव्यावर गोळी अजून तशीच होती. ती तिच्याकडे विंचवाकडे पाहावं तसं पाहत होती. “मग मी आत्ता... आणि रोज, अशीच, वेळेवर...”

“तुम्ही दिली असतीत तरी हेच झालं असतं,” बाई म्हणाल्या. “पण हा अजून आमचा तर्क आहे. दुसरी एक चाचणी आहे, सिस्टॅटिन सी. तो पदार्थ अंगातली सगळीच पेशी-मंडळी तयार करतात, स्नायू असोत नसोत. त्याचा अंदाज वेगळा आला तर काका बरोबर.”

“आणि तसाच आला तर?” ताईनं विचारलं.

सुनेनं कपड्यांची पिशवी घट्ट धरली. नर्स सुई घेऊन आली, आणि पेंटरच्या बारीक हातातून थोडं गडद रक्त नळीत चढलं. काका त्याकडे ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसे पाहत राहिले.

६

उत्तर यायला संध्याकाळ झाली. तोवर सगळे बाकावर बसून होते. कुणी उठून गेलं नाही. काकांनी पुस्तक उघडलं, पण तेच पान पुनःपुन्हा वाचलं. आपलं चुकलं असणार, अशी त्यांची एव्हाना पक्की खात्री झाली होती.

डॉक्टरीणबाई आल्या त्या चालता चालताच बोलत आल्या. “निम्म्याहूनही कमी. किडनी निम्म्याहूनही कमी काम करतेय. जुनी गोळी कायमची बंद. दुसरं औषध देऊ, थोड्या मापात, आणि आकड्यावर न विसंबता माणूस पाहून.” मग काकांसमोर थांबून त्या हसल्या. “तुमची लॅब बंद का केलीत हो?”

“डोळे,” काका म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

ताईनं क्षमा मागितली नाही. तसा तिचा स्वभावच नव्हता. पर्समधून गोळ्यांची रिकामी डबी काढून तिनं सुनेच्या हातात कोंबली. “घे. तुझं तू सांभाळ. मला नाही वेळ लक्षात ठेवायला.” मग जाता जाता वळून म्हणाली, “आणि बाह्यांना चिमटे काय लावतेस? इलास्टिक शिवून देते मी.”

मुलानं बायकोच्या हातातली कपड्यांची पिशवी काढून घेतली. “घरी चल,” एवढंच म्हणाला. पण तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला.

काही दिवसांनी टर्पेंटाइनमामा बातमी घेऊन आला. त्यानं बेल वाजवली, आणि काकांनी पहिल्याच बेलला दार उघडलं म्हणून तो दचकला.

“पेंटर खुर्चीत बसले,” मामा म्हणाला. “डबा उघडला, बराच वेळ आत बघत बसले. मग म्हणाले, मामा, तू पांढऱ्यात पांढराच घातलास की. आणि रडले हो. चांगले रडले. मग मला म्हणाले, त्या रक्तवाल्यांची फळी काढ, घासून ठेव. त्यांचं उत्तर आज ना उद्या येईल.”

मामा गेल्यावर काकांनी पुस्तकातलं पत्र काढून टेबलावर ठेवलं. त्याच्या घड्या इतक्या मऊ झाल्या होत्या की कापडासारख्या लागत होत्या. त्यांनी कागद पुढे ओढला. नाव लिहायचं नव्हतं, पदवी लिहायची नव्हती. या खेपेला फार विचार करावा लागला नाही.

‘पाटीवर एवढंच लिहा,’ त्यांनी लिहिलं. ‘“घरात आहे. बेल वाजवावी.” शब्द कमी आहेत, अक्षरं मोठी काढता येतील. रंग पांढराच द्या. उत्तराला उशीर झाला, पाटीला घाई नाही. हाताला जमेल तसं करा.’

पाकीट बंद करून ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले. पेटीच्या फटीत पत्र अर्धं घातलं आणि सवयीनं थबकले. भाषा बरी आहे ना? ‘वाजवावी’ की ‘वाजवा’? मग त्यांनी बोटं सोडली. पत्र आत पडल्याचा बारीकसा आवाज ऐकू आला, आणि रक्तकाका घराकडे वळले, नेहमीपेक्षा भराभर, कारण आपण इथे असताना कुणी येऊन बेल वाजवून गेलं तर काय, असं त्यांना वाटायला लागलं होतं.